एमजीबी घ्या, पण ‘व्हीए नंबर घालू’ म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका

प्रश्न पुण्यातल्या एका वाचकाचा आहे, नाव देत नाही. आयटीत नोकरी, वय अडतीस, लहानपणापासून टू-सीटर उघड्या गाडीचं वेड. कोल्हापुरात १९६९ची ब्रिटिश एमजीबी रोडस्टर बघितली, अठरा लाखांत ठरली, दोन लाख टोकन ऑनलाइन देऊनही झाले. आता कागद बघायला बसले तर लक्षात आलं की आरसीची मुदत २००९ला संपलीये, आरसीवर नाव विकणाऱ्याच्या वडिलांचं आहे आणि ते २०१६ला वारले, शिवाय आत इंजिन अँबॅसडरचं आहे. विकणारा म्हणतो, काही टेन्शन घेऊ नका, पन्नास वर्षांच्या वरची गाडी आहे, विंटेजमध्ये ‘व्हीए’ नंबर काढून देतो, मग फिटनेसची कटकटच नाही. यांना गाडी आठवड्यातून तीनदा ऑफिसला आणि पावसाळा सोडून महाबळेश्वरला न्यायचीये. विचारतात, पुढे जाऊ का, आणि नाही गेलो तर टोकन बुडालं का.

आधी तुमचं अभिनंदन करतो, चॉइस चांगली आहे. माझ्या वडिलांकडे डुक्कर फियाट होती, त्यामुळे जुन्या गाडीपायी माणूस काय काय सहन करतो ते मी घरातच बघितलंय. पण वकील म्हणून सांगायचं तर तुम्ही गाडी बघून पैसे दिलेत आणि कागद नंतर बघितलेत. जुन्या गाडीत हे नेमकं उलटं करायचं असतं, कारण पत्रा गॅरेजवाला नीट करून देतो, कागद कुणी करून देत नाही.

व्हीए नंबरचं पहिलं बोलू, कारण तुमची सगळी फसगत तिथेच आहे. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांमध्ये ८१ए पासून पुढचे नवीन नियम आले. पहिल्या रजिस्ट्रेशनपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात ठेवलेली गाडी विंटेज म्हणून नोंदता येते. फी वीस हजार, मुदत दहा वर्षं, आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो आणि नवीन नोंद असेल तर राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए लागतं. इथपर्यंत विकणारा बरोबर बोलतोय. पण त्याच नियमांत पुढे स्पष्ट लिहिलंय की अशी गाडी रस्त्यावर रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी चालवायची नाही. प्रदर्शन, विंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरायला नेणं, दुरुस्तीला नेणं, एवढ्यासाठीच बाहेर काढायची. म्हणजे तुम्ही हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये व्हीए नंबर लावून उभे राहिलात आणि हवालदाराने विचारलं कुठे चाललात, तर ‘ऑफिसला’ हे खरं उत्तर देणंच तुमच्या विरोधात जाईल. आणि रोज ‘पेट्रोल भरायला चाललोय’ म्हणून किती दिवस सांगणार? हवालदाराचं एकवेळ सोडा, ॲक्सिडेंट झाला तर इन्शुरन्स कंपनीचा वकील हाच मुद्दा पहिल्या तारखेला काढेल, मी त्यांच्या बाजूने उभा असतो तर मीही काढला असता.

आणि गंमत अशी की तुमची गाडी त्या नियमात बसतच नाही. चासी, बॉडीशेल किंवा इंजिनात बदल झालेला नसावा ही विंटेजची अटच आहे, आणि तुमच्या गाडीत अँबॅसडरचं इंजिन आहे. हा प्रकार आपल्याकडे का झाला ते समजण्यासारखं आहे, अँबॅसडर म्हणजे जुनी मॉरिस ऑक्सफर्डच, तिचं १४८९ सीसीचं इंजिन बीएमसी म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सीरिजचं आणि एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिनही त्याच घराण्यातलं, त्यामुळे परदेशातून पार्ट मागवणं परवडायचं नाही त्या काळात मिस्त्री लोकांनी हाताशी होतं ते बसवलं आणि गाडी चालती ठेवली. मिस्त्रीला दोष देत नाही. पण आरसीवर जो इंजिन नंबर आहे तो (एमजीबीचा असेल तर ‘१८जी’ने सुरू होणारा) आणि ब्लॉकवर जो आहे तो जुळत नसेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२खाली हा बिनपरवानगी बदल ठरतो. इंजिन बदलायला आरटीओची मंजुरी लागते आणि आरसीवर नोंद लागते. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टानेही हेच सांगितलं की कंपनीने मूळ जे स्पेसिफिकेशन दिलं त्याच्याशी विसंगत बदल चालणार नाही. पंधराशेच्या जागी अठराशे काय आणि अठराशेच्या जागी पंधराशे काय, इन्स्पेक्टर चासी आणि इंजिनचे नंबर बघेल तेव्हा गाडी तिथेच अडकणार.

तुमच्या मेलमध्ये एक ओळ तुम्ही सहज लिहून गेलात, ‘ओरिजिनल इंजिन त्यांच्या गोडाऊनमध्ये पडलंय म्हणे’. अहो, तीच तर तुमची लॉटरी आहे. आजच्या आज जाऊन त्या ब्लॉकवरचा नंबर बघा, फोटो काढा, आरसीशी ताडून बघा. जुळला तर व्यवहारात ते इंजिन लेखी घालून घ्या, आणि इन्स्पेक्शनच्या आधी ते रीबिल्ड करून गाडीत बसवायचं, खर्च कुणाचा तेही लिहायचं. एमजीबी १९६२ ते १९८० एवढी वर्षं बनली, इंग्लंडमध्ये तिचे पार्ट अजून पोत्याने मिळतात, पिस्टन बेअरिंगसाठी अडणार नाही. फक्त हौसेच्या भरात तिकडून नवीन बॉडीशेल मागवू नका, तेही मिळतं, पण मग पुन्हा याच चक्रात अडकाल.

आता मालकीचं. आरसी वडिलांच्या नावावर, वडील नाहीत, आणि तुमच्याशी बोलतोय तो थोरला मुलगा. त्याची आई हयात आहे आणि बहीण नागपूरला दिलीये असं तुम्ही लिहिलंय. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याने बायको, मुलगा, मुलगी सगळे पहिल्या वर्गाचे वारस, गाडीत सगळ्यांचा हिस्सा. मुलाने एकट्याने विकली तर तो फक्त स्वतःचा हिस्सा विकू शकतो, कारण ज्याच्याकडे जेवढी मालकी तेवढीच तो पुढे देऊ शकतो, मालविक्री कायद्याचं कलम २७ हेच म्हणतं. सात-बाराला बहिणीची सही लागते हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहिती असतं पण गाडी म्हटलं की सगळे विसरतात. तर आधी मुलाने फॉर्म ३१ भरून गाडी वारस म्हणून स्वतःच्या नावावर करायची, त्यासोबत मृत्यूचा दाखला आणि आई-बहिणीचं नोटरी केलेलं ना हरकत प्रतिज्ञापत्र. ते झाल्यावरच फॉर्म २९ आणि ३० वर तुमच्याकडे ट्रान्सफर. वडिलांची जुनी सही असलेला कोरा फॉर्म कुणी काढून दाखवला तर हात लावू नका, मेलेल्या माणसाच्या सहीवर ट्रान्सफर करणं हा सरळ फौजदारी मामला आहे.

आरसीच्या रिन्यूअलचा आकडा ऐकून खुर्ची धरून बसा. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने वीस वर्षांवरच्या गाड्यांची रिन्यूअल फी वाढवली, साध्या कारला दहा हजार आणि इंपोर्टेड चारचाकीला ऐंशी हजार. तुमची गाडी इंग्लंडहून आलेली, तेव्हा ऐंशी हजार धरूनच चाला. वर उशिराची दरमहा फी, पर्यावरण कर, नवीन एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट. रिन्यूअल पाच पाच वर्षांचं मिळतं आणि दरवेळी गाडी इन्स्पेक्टरसमोर उभी करावी लागते, पण पास झाली की तुम्ही ऑफिसला न्या, महाबळेश्वरला न्या, कुणी विचारणार नाही. म्हणजे रोज चालवायचं तर हाच रस्ता, महाग असला तरी. जुना तीन अक्षरी नंबर सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर दिसतोय का तेही आधी बघा, दिसत नसेल तर आरटीओकडून बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद पोर्टलवर चढवून घ्यावी लागेल. ही सगळी कामं विकणाऱ्याच्या गळ्यात घाला, नाहीतर किंमत तेवढी उतरवा. आणि १९६९ची कस्टम्सची बिल ऑफ एंट्री (गाडी आयात केल्याचा कागद) किंवा जुनं रजिस्टर बुक मागा. सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात कस्टम्सने भूतानमार्गे आलेल्या गाड्यांवर धाडी घातल्या, तेव्हा आज ज्यांच्या दारात गाडी उभी त्यांच्याच दारातून ती उचलली गेली. तुमची केस तशी दिसत नाही, वडिलांच्या नावावर १९८३पासून आहे, पण कागद हातात असलेला बरा.

टोकनचं. बुडालं असं समजू नका. तुमच्या व्हॉट्सॲप चॅटमध्ये त्याने ‘सगळे पेपर क्लिअर आहेत’ लिहिलंय आणि तुम्ही ‘बाकी पेपर झाल्यावर’ लिहिलंय, या दोन ओळी फार कामाच्या आहेत. करार कायद्याच्या कलम १८ आणि १९खाली चुकीच्या माहितीवर झालेला करार तुम्ही रद्द करू शकता आणि कलम ६५खाली पैसे परत मागू शकता. फक्त एक अडचण प्रामाणिकपणे सांगतो, त्याने टोकनच्या आधी आरसीचा फोटो पाठवला होता आणि त्यावर मुदत छापलेली होती, म्हणजे मुदत संपल्याचं मला माहिती नव्हतं हे तुम्हाला म्हणता येणार नाही, साधी काळजी घेतली असती तर कळलं असतं असं समोरचा म्हणेल. म्हणून नोटीशीत मुदतीवर जोर देऊ नका, इंजिन आणि वारसांवर द्या, ते फोटोत दिसत नव्हतं. ग्राहक मंचात जायचं डोक्यातून काढा, तो धंदेवाला डीलर नाही, घरची गाडी विकतोय, दावा दिवाणी कोर्टातच आणि तीन वर्षांच्या आत. चॅट डिलीट करू नका, फोनही बदलू नका, पुढे चॅट पुरावा म्हणून द्यायला नव्या साक्ष कायद्याच्या कलम ६३चं सर्टिफिकेट लागेल.

पण मला विचाराल तर लगेच नोटीस नको. आधी एक साधं पत्र द्या: साठ दिवसांत वारस नोंद, मूळ इंजिन आणि रिन्यूअल झालं तर ठरलेल्या किमतीला घेतो, नाही झालं तर दोन लाख परत. आई आणि बहिणीचीही त्यावर सही घ्या. त्या दोघींनी सही केली तर तुमचं निम्मं काम झालं, नाही केली तर काय चाललंय ते तिथेच कळेल.

तोपर्यंत गाडी कोल्हापुरातच राहू दे. ‘चालवून बघा, हायवेनेच घेऊन जा’ असं तो म्हणतोय ते अजिबात करू नका. आरसीची मुदत संपलेली, थर्ड पार्टी इन्शुरन्स नाही, मोटार वाहन कायद्याची कलम १९२ आणि १९६ दोन्ही लागतील, तो दंड परवडला, पण कराडजवळ कुणाला धक्का लागला तर ट्रिब्युनलमध्ये भरपाई तुमच्या खिशातून जाईल, आरसीवर ज्यांचं नाव आहे ते तर उत्तर द्यायला येणार नाहीत. ट्रकवर चढवून आणायला जे काय भाडं लागेल ते द्या. आणि इन्शुरन्स काढताना गाडीची किंमत कंपनीशी आधी बोलून पॉलिसीवर लिहून घ्या, पाच वर्षांवरच्या गाडीची किंमत दोघांच्या संमतीने ठरते, नाहीतर अठरा लाखांची एमजीबी कागदावर भंगाराच्या भावात जाईल. इंजिनचा नंबर बघितलात की मला कळवा, पत्राचा मसुदा करून देतो.