बोरनहाणासाठी नवा कॅमेरा? आधी घरातल्या खिडक्या बघा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी आठ महिन्यांची, संक्रांतीनंतर तिचं पहिलं बोरनहाण, फोनवरचे फोटो कधी पिवळे तर कधी हललेले येतात, आणि साठ हजारांच्या आत कुठला कॅमेरा घ्यावा.

माझं मत विचाराल तर बोरनहाणाच्या आत कॅमेरा घेऊच नका. नव्या कॅमेऱ्यावर हात बसायला वेळ लागतो. कार्यक्रमाच्या दिवशी घर बायकांनी भरलेलं, पोट्टे बोरांवर टपून बसलेले, मधे लेकरू रडून राहिलं, अन् तुम्ही मेन्यूत सेटिंग शोधताय, असं व्हायचं. आपल्या नागपुरातली बर्डीवरची दुकानं फेब्रुवारीतही उघडीच असतात.

तुम्ही टाकलेले तिन्ही फोटो नीट पाहिले. फोन बरा आहे. तिन्हींत घोटाळा उजेडाचा आहे, फक्त प्रत्येकात वेगळा.

पहिल्यात मुलगी दिवाणावर पालथी पडून मान वर करून बघते आहे. सुंदर क्षण आहे, पण खिडकी तिच्या पाठीमागे आणि डोक्यावर पिवळा दिवा. खिडकीच्या झगमगाटापुढे फोनने चेहरा काळवंडून टाकला आणि दिव्याने गालाला हळद फासली. तुम्ही खिडकीकडे पाठ करून बसा आणि तिचं तोंड खिडकीकडे करा. अगदी समोरासमोर नको, थोडं तिरकं. म्हणजे एका गालावर उजेड आणि दुसऱ्यावर हलकी सावली पडते, चेहऱ्याला गोलाई येते. खिडकीपासून दोन-तीन हातांवर ठेवा; खोलीच्या दुसऱ्या टोकाला उजेड फार झपाट्याने कमी होतो. थेट ऊन येत असेल तर पांढरा पातळ पडदा ओढा, नसेल तर जुनी मलमलची ओढणी अडकवा. आणि दिवसा फोटो काढताना खोलीतले सगळे दिवे बंद. खिडकीतला उजेड निळसर, बल्बचा पिवळा, ट्यूबचा आणखी तिसराच. कॅमेरा एका वेळी एकच रंग दुरुस्त करू शकतो, मग एक गाल निळा आणि एक पिवळा राहतो.

जागा बरोबर जमली की नाही हे तपासायचं तर तिच्या डोळ्यांत बघा. बुबुळात खिडकीचा छोटा उजळ चौकोन दिसला की जमलं. तो नसेल तर डोळे विझल्यासारखे येतात, मग फोन कितीही महागाचा असो.

दुसऱ्या, गॅलरीत (बाल्कनीत) काढलेल्या फोटोत चेहरा हिरवट आलाय, त्याला तुमची हिरवी नेट कारणीभूत आहे. उन्हाळ्यात आपण सगळेच ती बांधतो अन् मग ती वर्षभर तशीच राहते. तिच्यातून गाळून येणारा उजेड हिरवाच असणार. नेट काढा, नाहीतर सरळ आत या. गडद रंगाच्या भिंतीजवळ किंवा लाल ब्लँकेटवर बाळ ठेवलं तरी तसंच होतं. खालून रंग हनुवटीवर चढतो. फिकी चादर, फिकी भिंत बरी.

तिसरा रात्रीचा आहे आणि त्यात हात हललाय. आठ महिन्यांचं मूल जागेपणी स्थिर नसतंच. त्याला थोपवायचं तर शटर, म्हणजे कॅमेरा उजेड आत घेतो तेवढा वेळ, १/२०० सेकंद किंवा त्याहून जलद हवं. झोपलेलं असेल तर १/६० ला भागतं. फोनमध्ये ‘प्रो’ मोड असेल तर हा आकडा तुम्हाला स्वतः ठेवता येतो. नसेल तर उपाय एकच, जास्त उजेडात जा, फोन आपोआप शटर जलद करतो. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, १६०० किंवा ३२०० पर्यंत गेलं तर फोटोत दाणे येतात, येऊ द्या. दाणेदार फोटो अल्बममध्ये चालतो, हललेला चालत नाही. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच स्वस्तातले एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, पण शटर फार जलद केलं तर फोटोत काळे आडवे पट्टे येतात. अशा दिव्याखाली १/१०० वर थांबा. म्हणजे त्या उजेडात धावतं-रांगतं मूल नीट मिळणार नाही, हे मान्य करायचं आणि सकाळची वाट बघायची.

आणि फोनची लेन्स पुसा! हसू नका. मालिश करून तेलाच्या बोटांनी फोन उचलला की काचेवर तेलाचा पातळ थर बसतो. मग दिव्याभोवती वलयं आणि सगळा फोटो दुधाळ. चष्म्याचं मऊ फडकं हाताशी ठेवा.

आता अंतर. फोनचा मुख्य कॅमेरा वाइड असतो. वीतभर अंतरावरून चेहरा घेतला की नाक मोठं, कान मागे पळालेले, डोकं निमुळतं. बाळं तशीही गोबरी, त्यात ही भर. दोन पावलं मागे या आणि २एक्स झूमवर घ्या. तुम्ही स्वतः जमिनीवर बसा, जमल्यास पालथ्या पडा, म्हणजे फोन तिच्या डोळ्यांच्या पातळीत येईल. उभ्याने वरून काढलेले फोटो प्रत्येक घरात ढिगाने असतात आणि सगळे सारखेच दिसतात. ब्यूटी मोड बंद करा. आठ महिन्यांच्या कातडीला आणखी काय गुळगुळीत करणार?

बोरनहाणाबद्दल मी जरा सविस्तर लिहितो, कारण तिथे एक तांत्रिक खोच आहे जी कोणी सांगत नाही. काळं झबलं आणि पांढरे हलव्याचे दागिने, यापेक्षा कठीण पोशाख कॅमेऱ्याला दुसरा नाही. कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर समोरचं दृश्य सरासरीने मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. चौकटीत काळं कापड जास्त आलं की त्याला वाटतं इथे अंधार आहे, आणि तो उजेड वाढवतो. मग झबलं राखाडी होतं, चेहरा पांढराफटक पडतो आणि हलव्याचा हार म्हणजे नुसता पांढरा पट्टा उरतो, त्यातला एकेक काटा कुठे दिसतच नाही. हल्लीचे फोन चेहरा ओळखून बऱ्याचदा सांभाळून घेतात, पण बाळाने मान फिरवली की पुन्हा तेच. म्हणून स्क्रीनवर तिच्या चेहऱ्यावर बोट टेकवा, बाजूला सूर्याचं चिन्ह येतं ते थोडं खाली ओढा, आणि हलव्याचे दाणे वेगवेगळे दिसायला लागले की थांबा. कॅमेरा असेल तर एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (उजेड कमी-जास्त करायची सेटिंग) उणे ०.७ ते उणे १. पांढऱ्या चादरीवर पांढरं झबलं असेल तर नेमकं उलट, थोडं वाढवायचं.

हलव्याचे काटे उठून दिसायला उजेड बाजूने यायला हवा. समोरून फ्लॅश मारलात तर काट्यांची सावलीच पडत नाही आणि घरी बसून केलेली ती सगळी मेहनत फुकट. सासूबाईंनी किंवा आईने दागिने घरी केले असतील तर पाहुणे यायच्या आत, बाळाच्या अंगावर चढवण्याआधी, खिडकीत ठेवून त्यांचे वेगळे दोन-चार फोटो घ्या. बाळ ते तोडणारच आहे.

वेळ चारची ठेवा. आपल्याकडे बोरनहाण संध्याकाळी दिवे लागल्यावर करायची सवय आहे, पण जानेवारीच्या मध्यात नागपुरात सहाच्या आतच सूर्य मावळतो, नंतर सगळं ट्यूबलाइटवर. बायकांना चारला बोलावलं तर साडेचारपर्यंत जमतील, हे धरून चला. बोरनहाण संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत केव्हाही करता येतं, तेव्हा सुटीचा दिवस गाठणं अवघड नाही. या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, भर दुपारीही क्षितिजापासून जेमतेम पन्नास अंशांच्या आत. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आतपर्यंत येतं. तिथे पडदा लावा. उत्तरेची खिडकी असेल तर पडदाही नको, दिवसभर एकसारखा मऊ उजेड.

पाट भिंतीला चिकटवून मांडू नका, मागे दोन हात जागा सोडा. मागच्या चपला, पर्सेस, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आधीच हलवा. बोरं-मुरमुरे ओतणाऱ्या बाईला खिडकीच्या विरुद्ध बाजूने उभं करा, नाहीतर तिच्याच हाताची सावली लेकराच्या तोंडावर पडते. पडते मुरमुरे हवेत दिसायला शटर १/५०० च्या आसपास लागतं. फोनवर असाल तर बर्स्ट (एकापाठोपाठ सलग फोटो) लावा आणि ओतायच्या क्षणभर आधीच बटण दाबा. पहिल्या ओंजळीला मूल दचकून वर बघतं, तो चेहरा दुसऱ्या ओंजळीला मिळत नाही. रडलं तर रडू द्या, रडतानाचेही घ्या.

चार आत्यांनी चार दिशांनी ‘इकडे बघ, इकडे बघ’ करायचं नाही. एकीलाच, शक्यतो आजीला, तुमच्या अगदी मागे, फोनच्या वर खुळखुळा घेऊन उभं करा. बाजूला उभी राहिली तर बाळ बाजूला बघेल. आणि मूल झोप आणि दूध झाल्यावर अर्धा-पाऊण तास खुशीत असतं; कार्यक्रमाची वेळ त्या हिशोबाने पुढेमागे सरकवा, पाहुण्यांच्या नव्हे.

हे गंभीरपणे घ्या: बोर, हलव्याचा दाणा, रेवडी, शेंगदाणा, यातलं काहीही आठ महिन्यांच्या मुलाच्या घशात अडकू शकतं. फोटो काढणारी आणि बाळावर लक्ष ठेवणारी व्यक्ती वेगळी हवी. तुमचं लक्ष स्क्रीनवर असतं तेव्हा ते बाळावर नसतं. टोपलीत संत्र्यांमध्ये बसवलेलं बाळ, गालाखाली हात घेऊन झोपलेलं नवजात, असे इंटरनेटवरचे फोटो पाहून घरी करायला जाऊ नका. त्यातले बरेच दोन फोटो जोडून केलेले असतात. मूळ फोटोत कोणाचा तरी हात बाळाला धरून असतो, तो नंतर पुसतात.

फ्लॅशने डोळे जातात का, असंही तुम्ही विचारलंय. साध्या फ्लॅशने डोळ्याला इजा होते असा काही पुरावा नाही. मी वापरत नाही तो सपाट उजेडामुळे आणि मूल दचकतं म्हणून. मात्र फ्लॅशच्या फोटोत बुबुळ लाल दिसणं नेहमीचं आहे. एकाच डोळ्यात पांढरी किंवा पिवळट चमक पुन्हा पुन्हा दिसली तर फोटो घेऊन लवकर नेत्रतज्ज्ञाकडे जा. बऱ्याचदा तो नुसता कोनाचा खेळ असतो, पण मोतीबिंदू किंवा रेटिनोब्लास्टोमा नावाचा डोळ्याचा कर्करोगही असाच आधी फोटोत दिसू शकतो. दाखवून घेतलेलं बरं.

कॅमेरा घ्यायचाच असेल तर नंतर, आणि पैसे बॉडीपेक्षा (लेन्सशिवायच्या नुसत्या कॅमेऱ्यापेक्षा) लेन्सवर. सोबत येणाऱ्या १८-५५ च्या किट लेन्सचं तोंड ५५ वर एफ ५.६ पर्यंतच उघडतं; एफचा आकडा जितका लहान, तितकं तोंड मोठं. ५० मिमी एफ १.८ ची साधी लेन्स तिच्या जवळजवळ दहापट उजेड आत घेते. लहान खोल्यांत ५० जरा लांबची पडते, मागे सरकायला जागा उरत नाही. अशा घराला ३५ मिमी बरी. पण १.८ वर उघडी ठेवून काढलं तर एक डोळा स्पष्ट आणि दुसरा धूसर येतो. २.८ वर या, फोकस जवळच्या डोळ्यावर. बॉडी वापरलेली घेतली तरी काही बिघडत नाही.

उन्हाळ्याचंही आताच सांगून ठेवतो. मे अखेरीस नागपुरात दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर असतो, डोळ्यांच्या खोबणीत काळ्या सावल्या पडतात, आणि त्या उन्हात बाळाला कोण बाहेर नेतं? अंबाझरी, फुटाळा, महाराजबाग, जे काही करायचं ते सकाळी सातच्या आत. बाहेरचे खरे फोटो तान्ह्या पोळ्याला काढा, तोवर ती लाकडी बैलाची दोरी ओढायला लागलेली असेल.

फोटो नातेवाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर ते दाबून लहान होतात आणि प्रिंटला उरत नाहीत. गूगल फोटोजची अमर्याद फुकट जागा १ जून २०२१ पासून बंद झाली, आता १५ जीबीत मेल-बिल सगळंच बसवायचं. एक प्रत हार्ड डिस्कवर ठेवाच.

तुमच्या हॉलची आणि बेडरूमची खिडकी कुठल्या दिशेला आहे ते लिहा, आणि समोर बिल्डिंग आहे की मोकळं तेही. पाट नेमका कुठे मांडायचा ते मग सांगतो.