‘तू काय, जाणारीच’

गणपती गेले की माझ्याकडे एक ठरावीक प्रश्न घेऊन माणसं येतात. बारा वर्षं मी रत्नागिरीत समुपदेशन करते आहे, एकही वर्ष हे चुकलेलं नाही. पाच-सात दिवस घर भरलेलं असतं, पडवीत पाय ठेवायला जागा नसते, आणि मग एका रात्रीत चाकरमान्यांच्या गाड्या निघतात. मागे राहिलेल्याला दुसऱ्या दिवशी अंगण झाडताना वाटतं, मी एकटाच इथे का थांबलोय? इथेच राहू, की पुण्या-मुंबईला जाऊ?

हा प्रश्न नुसत्या मनाचा नाही. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. राज्य वाढत होतं, हा जिल्हा आटत होता. अशा ठिकाणी राहायचं म्हणणाऱ्याला आपण प्रवाहाच्या उलट पोहतोय असं वाटलं, तर त्यात त्याचं काही चुकत नाही.

एका मुलीची गोष्ट सांगते. तिच्या परवानगीने सांगते आहे, आणि ओळख पटू नये म्हणून नाव आणि काही तपशील बदलले आहेत.

प्रणाली, वय एकतीस, राजापूर तालुक्यातल्या एका गावची. बी.एस्सी. झालेली. वडील पाच वर्षांपूर्वी गेले. थोरला भाऊ बायको-मुलासह नालासोपाऱ्याला. घरी ती आणि गुडघ्यांनी हैराण झालेली आई. घरामागच्या मांगरात, म्हणजे शेतीसामानाच्या छपरात, तिने काजूचं छोटं युनिट घातलेलं. बी वाफवायचा कुकर, चार कटर, एक ड्रायर, आणि गर सोलायला वाडीतल्या पाच बायका. चार किलो बीमागे साधारण किलोभर गर पडतो, त्यात अख्खा किती आणि पाकळी किती यावर तिच्या वर्षाचं गणित. ते जेमतेम बसत होतं, पण बसत होतं.

चाकणजवळच्या एका खाद्यपदार्थांच्या कारखान्यात तिला गुणवत्ता तपासणीची नोकरी चालून आली होती. दिवाळीनंतर रुजू व्हायचं. महिन्याला अठ्ठावीस हजार, त्यातून खोली आणि डबा वजा. मैत्रीण तिथेच, राहायची सोय झालेली. आई म्हणत होती जा, भाऊ म्हणत होता जा, मावशी-आत्या म्हणत होत्या जा. हिचा पाय मात्र निघत नव्हता, आणि का निघत नाही हे सांगता येत नव्हतं.

पहिल्या भेटीत तिच्या बोलण्यातले दोन शब्द माझ्या कानात राहिले. ‘अजून तरी मीच बघतेय.’ ‘अजून इथेच आहे ना मी.’ ‘तोपर्यंत आईचं औषधपाणी करते.’ अजून, आणि तोपर्यंत. घराच्या वरच्या अंगाला वीस गुंठे मोकळे पडून आहेत, तिथे काजूची कलमं लावायची वडिलांची इच्छा होती, असं ती म्हणाली. मी विचारलं, मग लावली का नाहीस?

‘कलम धरायला तीन-चार वर्षं जातात, मॅडम. तोपर्यंत मी असेन की नाही, काय माहीत.’

‘कशापर्यंत?’

ती हसली. ‘लग्न होईपर्यंत. अजून काय!’

इथे मी कमी पडले. तो शब्द मी ऐकला, वहीत लिहिलासुद्धा, पण त्याच्या मागे गेले नाही. पुणे की गाव, असाच प्रश्न मी धरून बसले आणि नेहमीच्या वाटेने तिला नेलं. दोन्हीकडचा पैशांचा हिशोब मांडायला लावला. गाव गणपतीत आणि मे महिन्यात बघून ठरवू नकोस, जुलैतला एखादा मंगळवार आठव, असं सांगितलं. दोन दिवस वीज नाही, आईला दवाखान्यात न्यायचंय आणि रिक्षावाला घाटीत यायला तयार नाही, तसा मंगळवार. पुण्याचंही तसंच. सुट्टीत फिरायला जाऊ नकोस, मैत्रिणीकडे आठ दिवस राहा, तिच्याबरोबर सकाळची कंपनीची बस पकड. हा सल्ला मी अजूनही देते, तो खोटा नाही. पण प्रणालीचं दुखणं तिथे नव्हतं.

ती गेली, आठ दिवस राहिली आणि चेहरा उजळून परत आली. ‘मला आवडलं,’ म्हणाली. मला वाटलं, झालं, सुटला प्रश्न. काय आवडलं, हे मी केवळ नोंद म्हणून विचारलं.

‘रात्री नऊ वाजता एकटीच दूध आणायला गेले. दुकानदाराने पिशवी दिली, पैसे घेतले. “अजून इथेच का?” असं नाही विचारलं.’ जरा थांबून म्हणाली, ‘तिथे भाड्याच्या खोलीतसुद्धा मी राहते. घरी मी राहत नाही, मॅडम. घरी मी जायची बाकी आहे.’

मग पर्समधून तिने घडी घातलेला कागद काढला. गणपतीत भावाने आणलेला हक्कसोडपत्राचा मसुदा. वडिलांच्या मागे घर आणि जमिनीवरचा आपला हक्क मी राजीखुशीने भावाच्या लाभात सोडत आहे, असा. ‘तू काय, जाणारीच. नंतर पुन्हा सगळ्यांची धावपळ नको,’ असं सांगून दादाने तो आरतीच्या ताटाशेजारी ठेवला होता. ती सही करणारच होती. वाईट वाटतंय असंही तिला म्हणता येईना, कारण आजूबाजूच्या सगळ्या मुलींनी असाच सोडलेला.

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. पुरुष मुंबईला गेले म्हणून हा आकडा असा आहे, हे इथे शेंबडं पोरही सांगेल. म्हणजे ही घरं बायकांनी उघडी ठेवली. कौलं शाकारून घेतली, भात लावलं, म्हाताऱ्यांची आजारपणं काढली, गणपतीला येणाऱ्यांसाठी जमीन सारवली. आणि तरी गावात ‘राहणारा’ म्हणजे मुलगा, भले तो वर्षातून पंधरा दिवस येवो, आणि बारा महिने राहणारी मुलगी ‘जाणारी’. या गोष्टीचा मला संताप येतो. समुपदेशकाने तो खोलीत आणायचा नसतो, म्हणून त्या दिवशी गप्प बसले.

मी वकील नाही, तेव्हा सही करण्याआधी वकिलाला भेट एवढंच तिला सांगितलं. पण इतकं प्रत्येक मुलीला ठाऊक असावं. वडील मृत्युपत्र न करता गेले, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आई, मुलगा आणि मुलगी सारख्या हक्काचे वारस असतात. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखा जन्मापासूनचा हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्येच केली, देशभर ती २००५ मध्ये आली, आणि दुरुस्ती आली त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. लग्नाने हा हक्क जात नाही. नोंदणी केलेल्या हक्कसोडपत्राने मात्र जातो, आणि सही केल्यावर मागे फिरणं फार अवघड असतं. वकिलाकडून तिला आणखी एक कळलं. पाच वर्षं झाली तरी सातबाऱ्यावर वारस नोंदच झालेली नव्हती, अजून वडिलांचंच नाव. बँक युनिटसाठी कर्ज का देत नाही, याचंही उत्तर त्यातच होतं.

पुढच्या भेटीला आईला घेऊन ये म्हटलं. काकू आल्या, खुर्चीत अवघडून बसल्या. त्यांचं एकच पालुपद, ‘माझं काय, आज हाय उद्या नाय. तिनं जावं.’ प्रणालीने याचा अर्थ पाच वर्षं एकच लावला होता. मुलगी म्हणजे परक्याचं धन, आईलाही आपण नको आहोत.

मी काकूंना विचारलं, तुम्हाला कधी गाव सोडून जायचं होतं का?

बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. मग सांगायला लागल्या. १९८१ च्या मे महिन्यात लग्न झालं. नवरा परळला गिरणीत. शिमगा झाला की काकूंना मुंबईला न्यायचं ठरलेलं, चाळीत खोली बघितलेली. ‘ट्रंक भरून ठेवलेली व्हती मी. दोन नवी लुगडी, पोळपाट-लाटणं.’ १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. महिनाभरात मिटेल म्हणत म्हणत नवराच शिमग्याला घरी आला, तो दोन पावसाळे घरीच राहिला. पुढे कुठे वॉचमन म्हणून लागला, तेव्हा सासू अंथरुणाला खिळलेली. ट्रंक कधी रिकामी केली ते त्यांना आठवत नव्हतं. ‘तू जाणार का, राहणार का, असं कुणी इचारलंच नाय मला. म्हणून हिला म्हणते, तू जा. तुला इचारतायत तर जा.’

प्रणाली आईकडे बघतच राहिली. एकतीस वर्षांत हे तिने पहिल्यांदा ऐकलं. ‘आई, मला वाटलं तुला मी नको आहे.’ काकूंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि मी थोडा वेळ बाहेर जाऊन उभी राहिले.

माझ्याकडे येणाऱ्या घरांमध्ये हे इतक्यांदा दिसतं की सांगितल्याशिवाय राहवत नाही. ‘जा’ आणि ‘राहा’ हे शब्द घरात हवे तितके फिरतात, पण ते म्हणणाऱ्याच्या मनात काय आहे हे कोणी विचारत नाही. वडील ‘जा’ म्हणतात तेव्हा कधी त्यांना बागेचं कर्ज लपवायचं असतं. आई ‘राहा’ म्हणते तेव्हा कधी तिला रात्रीची भीती वाटत असते, आणि ती शेजारणीला सोबतीला बोलावूनही भागणारी असते. म्हणून राहू की जाऊ असं कोणी विचारलं की मी आता आधी विचारते, राहिलास तर कोण म्हणून राहशील? घर, जमीन, धंदा, निर्णय यांतलं तुझ्या नावावर आणि तुझ्या शब्दावर काय असेल? गेलीस तर परत यायला जागा कोणाची असेल? याची उत्तरं मिळेपर्यंत पगार आणि घरभाड्याची तुलना करून फारसं हाती लागत नाही.

दादाशी बोलणं सर्वांत कठीण गेलं. तो आधी व्हिडिओ कॉलवर आला, तावातावात. मी घर फोडतेय असं त्याला वाटत होतं. त्याला खलनायक करणं सोपं होतं, पण तो तसा नाही. दर महिन्याला तो आईला पैसे पाठवतो. दिवाळीत प्रत्यक्ष भेटला तेव्हा म्हणाला, ‘अकरा वर्षांत चार खोल्या बदलल्या मी. माझं म्हणून सांगायला हे एकच घर आहे. उद्या हिचं लग्न झालं, त्यांनी वाटणी मागितली, तर मी यायचं कुठे?’

प्रणाली हळूच म्हणाली, ‘मग माझं म्हणून सांगायला काय आहे, दादा?’

त्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं, आणि त्याने उत्तर असल्याचा आव आणला नाही. त्याबद्दल मला त्याचा आदर वाटतो.

एका बैठकीत काही मिटलं नाही. वहिनी रुसली, एक काका मध्ये पडले, महिनाभर भावाबहिणीचा फोन बंद होता. अखेर मार्चमध्ये तलाठ्याकडे मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र देऊन तिघांच्या नावे वारस नोंदीचा अर्ज गेला आणि पुढे फेरफार मंजूर झाला, म्हणजे सातबाऱ्यावर तिघांची नावं लागली. घर सामाईक राहिलं. माजघराशेजारची खोली दादाची, तो कधीही येवो. मांगर आणि वरचे वीस गुंठे प्रणालीने कसायचे, हे वकिलाकडून लिहून घेतलं.

चाकणची नोकरी तिने दिवाळीआधीच नाकारली होती. तो फोन केल्यावर ती माझ्यासमोर रडली, आणि मी तिला समजावत बसले नाही. ते दूध आणायला जाणं तिने खरोखर गमावलं होतं. गावात आजही तिला रात्री नऊला एकटीने दुकानात जाता येत नाही. निदान विचारणा झाल्याशिवाय नाही.

अशाच पेचातली चिपळूणकडची दुसरी एक मुलगी, सातबाऱ्यावर नाव लागल्यानंतर, नाशिकला निघून गेली आणि तिथे आनंदात आहे. नाव लागलं म्हणून जाताना पाय हलके होते, असं ती म्हणाली. तिचा निर्णय मला प्रणालीच्या निर्णयाइतकाच बरोबर वाटतो.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात प्रणालीचा फोन आला. मागे पावसाचा आवाज. मे महिन्यात खड्डे मारून माती आणि शेणखत भरून ठेवलं होतं, आता सात-सात मीटरवर चाळीस कलमं लावून झाली. वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७, काजूच्या दोन्ही जाती. गुरं शिरू नयेत म्हणून गडगा घालायचा आहे, चिऱ्याचा खर्च झेपत नाही म्हणून यंदा काट्यांचं कुंपण. बँकेचा माणूस येऊन बघून गेला, अजून काही कळवलेलं नाही.

हे सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, एक स्थळ आलंय, लांज्याचं. मुलगा तिथेच गॅरेज चालवतो. ‘मी त्यांना सांगितलं, कलमं नुकतीच लावलीत, मी इथेच राहणार. जमत असेल तर या बघायला.’

‘मग काय म्हणाले?’

‘कळवतो म्हणाले.’ आणि मग कोणाला तरी हाक मारून कुकर बंद करायला सांगत तिने फोन ठेवला.