सॅम लँगफर्ड वर्ल्ड चॅम्पियन का झाला नाही?

प्रश्न: जुन्या ग्रेट बॉक्सर्सबद्दल वाचताना सॅम लँगफर्डचं नाव सारखं येतं, पण हेवीवेट (सगळ्यात जड वजनगट) चॅम्पियन्समध्ये तो कुठेच नाही. असं कसं? आणि शेवटी शेवटी तो नीट दिसत नसताना खेळायचा हे खरंय का?

उत्तर: हो, खरंय. पण आधी टायटलचं सांगतो, कारण राग तिथेच येतो. लँगफर्ड काळा, मूळचा कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाचा, लहान वयात घर सोडून बोस्टनला आला, जो वुडमनच्या जिममध्ये झाडलोट करता करता बॉक्सिंग शिकला आणि पुढे वुडमनच त्याचा मॅनेजर झाला. 1903 मध्ये त्याने लाइटवेटचा (हलका वजनगट) वर्ल्ड चॅम्पियन जो गान्सला पॉइंट्सवर (नॉकआउट न करता, गुणांवर) हरवलं, पण लँगफर्डचं वजन त्या गटाच्या लिमिटच्या वर होतं त्यामुळे टायटल काही मिळालं नाही. 1906 मध्ये जॅक जॉन्सन ह्या दुसऱ्या काळ्या बॉक्सरशी गाठ पडली, हा साडेपाच फुटांहून थोडासाच उंच आणि जॉन्सन सहा फुटी, वजनालाही कितीतरी जास्त, तरी गडी पूर्ण 15 राउंड टिकला, हरला पॉइंट्सवर.

1908 ला जॉन्सन हेवीवेट चॅम्पियन झाला तो 1915 पर्यंत, आणि एवढ्या वर्षांत त्याने लँगफर्डला एकदाही संधी दिली नाही. गोरे बॉक्सर काळ्यांशी खेळायला सरळ नाही म्हणायचे, ह्याला कलर लाइन म्हणत, आणि जॉन्सनला गोऱ्या चॅलेंजरशी खेळण्यात पैसा जास्त होता. जॉन्सनने स्वतः तेच भोगलेलं, म्हणून त्याचं हे वागणं मला जास्त लागतं. मग उरले कोण, तर हॅरी विल्स, जो जेनेट, सॅम मॅकव्हे, सगळे काळे, सगळे तगडे, सगळ्यांना दार बंद, त्यामुळे हे एकमेकांशीच खेळत राहिले, लँगफर्ड तर ह्या प्रत्येकाशी दहापेक्षा जास्त वेळा खेळलाय!

डोळ्याचं म्हणाल तर 1917 मध्ये फ्रेड फुल्टन ह्या बॉक्सरशी झालेल्या फाइटमध्ये जबर मार बसला, नंतर नजर जात राहिली आणि तरी तो 1926 पर्यंत रिंगमध्ये होता. समोरचा जवळ आला, अंगाला लागला की अंदाजाने ठोसा द्यायचा. 1923 मध्ये मेक्सिकोचं हेवीवेट टायटल त्याने जवळजवळ आंधळा असताना जिंकलं. 1944 मध्ये ॲल लेनी ह्या न्यूयॉर्कच्या पत्रकाराला तो हार्लेममध्ये पूर्ण आंधळा आणि कफल्लक अवस्थेत सापडला, त्याने पेपरात लिहिलं तेव्हा वाचकांनी पैसे जमवून दिले. 1955 मध्ये 'रिंग' ह्या बॉक्सिंगच्या मासिकाच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याला घेतलं, तेव्हा तो हयात होता, 1956 च्या जानेवारीत वारला.