पडद्यांची दालने असलेले संग्रहालय मुलांना दाखवावे की जुने राष्ट्रीय संग्रहालय?

आपण विचारले आहे की, चिपळूणहून मे महिन्यात दहा आणि तेरा वर्षांच्या मुलांना घेऊन दिल्लीला जाताना जनपथावरच्या राष्ट्रीय संग्रहालयाला वेळ द्यावा, की होलोग्राम, व्हर्च्युअल रिॲलिटी आणि चारी बाजूंनी वेढणारे पडदे असलेल्या नव्या संग्रहालयाला. कारण काचपेट्या पाहून मुले कंटाळतात आणि पडद्यावर तर सगळे दिसतेच. या शेवटच्या चार शब्दांमुळे मी लिहायला बसलो आहे.

दोन्ही पाहा, पण आधी राष्ट्रीय संग्रहालय आणि दुसऱ्या दिवशी तीन मूर्तीचे प्रधानमंत्री संग्रहालय. हा क्रम उलटा करू नका. सोमवारी दोन्ही बंद असतात, तेवढे पाहून तिकिटे काढा.

मी राजापूर तालुक्यातला आहे आणि ३१ वर्षे भूकरमापक, म्हणजे सरकारी जमीन मोजणीदार, म्हणून नोकरी केली. १९९३ च्या मे महिन्यात आमच्या सामाईक जमिनीला लागून असलेल्या गटाची हद्द कायम करायची होती, म्हणून मी सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, मोजणीची साखळी टाकली. साखळीची रेषा आमच्या कातळावरून जात होती आणि त्या कातळात बोट-दोन बोटे खोल अशा वळणदार चरी होत्या. पावसाच्या पाण्याने दगड खाल्ला असेल असे मला वाटले. प्लेन टेबलचा, म्हणजे मोजणीचा नकाशा काढायच्या तिपाईवरच्या फळीचा, एक पाय मी अशाच एका चरीत रोवला, कारण तेथे तो घट्ट बसत होता. टिपणात ‘कातळ, पोटखराबा’, म्हणजे लागवडीला अयोग्य, असे लिहिले आणि उन्हे चढायच्या आत घरी आलो. २०१२ नंतर रत्नागिरीतल्या अभ्यासकांनी सडे तुडवून कातळशिल्पे नोंदवायला सुरुवात केली, आणि त्यांतले काही जण पुढे आमच्या गावात आले, तेव्हा कळले की त्या चरी मिळून एक आकृती होते. ती कशाची, हे आमच्याकडे मासळी घेऊन येणाऱ्या बाईंनी सांगितले. त्यांनी पाटी खाली ठेवली, एकदा भोवती फिरल्या आणि म्हणाल्या, “ही पाकट आहे. हा बघा शेपटीचा काटा.” मी दुसऱ्या दिवशी टेप घेऊन गेलो. पाकट म्हणजे चपट्या अंगाचा, लांब शेपटीचा मासा; शेपटीसह लांबी ६ मीटर २० सेंटीमीटर भरली. ज्याचे सारे आयुष्य जमीन मोजण्यात गेले, त्याने एवढी आकृती पायाखाली असताना ती पाहिली नाही, ही गोष्ट मला आजही सलते.

वाद यानंतर सुरू झाला. आमच्या सामाईक कातळावर चिरेखाण, म्हणजे बांधकामाचे चिरे काढायची खाण, घालायला एक गृहस्थ तयार होते आणि दादांना ते मान्य होते. दादा माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठे आहेत, त्यांनी आम्हा भावंडांची शिक्षणे केली, म्हणून त्यांच्यासमोर मी सहसा बोलत नाही. पण त्या दिवशी बोललो. दादांचे म्हणणे असे होते की, अभ्यासकांनी ड्रोन फिरवला, फोटो काढले, संगणकात त्रिमितीय चित्र तयार केले, उद्या एखाद्या संग्रहालयात ते भिंतभर दिसेल आणि हजारो लोक पाहतील. मग सड्यावरचा दगड तसाच ठेवून कोणाचे भले होणार आहे? “चित्र वाचले ना? मग दगड कशाला वाचवायचा?” हे त्यांचे शब्द. मला त्या वेळी उत्तर देता आले नाही. मी फक्त सही केली नाही.

उत्तर मला दिल्लीत मिळाले. २०२३ च्या डिसेंबरमध्ये अकरा वर्षांच्या नातीला घेऊन मी रत्नागिरीहून मंगला एक्सप्रेसने गेलो. राष्ट्रीय संग्रहालयात हडप्पा संस्कृतीच्या दालनात मोहेंजोदडोच्या नर्तिकेसमोर आल्यावर तिने पहिला शब्द उच्चारला तो “एवढीशीच?” असा. ती कांस्यमूर्ती १०.५ सेंटीमीटर उंच आहे. पुस्तकात तिचे चित्र पाऊण पान व्यापते, त्यामुळे नातीच्या मनात ती निदान फूटभर उंचीची होती. तिने काचेला हात न लावता स्वतःचा पंजा समोर धरला आणि मधल्या बोटाच्या टोकापासून मनगटापर्यंत मूर्तीशी ताडून पाहिले. एवढ्याशा आकारात मनगटापासून खांद्यापर्यंतच्या बांगड्या, कमरेवर टेकवलेला हात आणि किंचित वर उचललेली हनुवटी कोणीतरी आधी मेणात घडवली आणि मग त्या साच्यात धातू ओतला, हे मी तिला तेथेच समजावले, आणि ती त्या पेटीसमोरून बराच वेळ हलली नाही. पुढे दगडी वजनांच्या पेटीसमोर मी थांबलो, तेव्हा तिने मला वेळ दिला. चर्ट दगडाचे ते घन १, २, ४, ८, १६ अशा दुपटीने वाढत जातात, आणि हाताने घासून केलेल्या दगडांत इतके नेमके प्रमाण पाहिल्यावर मोजणीत जन्म घालवलेल्या माणसाचा पाय निघत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही प्रधानमंत्री संग्रहालय पाहिले. १४ एप्रिल २०२२ ला त्याचे उद्घाटन झाले, आणि तीन मूर्ती भवन म्हणजे पंडित नेहरूंचे निवासस्थान त्याच आवारात आहे. तेथल्या आभासी हेलिकॉप्टरमध्ये नात बसली, प्रधानमंत्र्यांच्या आभासी प्रतिमेबरोबर छायाचित्र काढून घेतले, आणि ती मनापासून आनंदली. मीही आनंदलो. भाषणे, निर्णय, युद्धकाळातले दिवस या गोष्टी काचपेटीत ठेवता येत नाहीत. त्यांना आवाज आणि हलते चित्रच हवे. भुजच्या स्मृतिवनात २६ जानेवारी २००१ च्या भूकंपाची कल्पना यावी म्हणून पायाखालची जमीन हादरवणारे दालन आहे, तेही याच कारणाने योग्य आहे, कारण भूकंप पेटीत ठेवण्यासारखा नाही. या तंत्राला नाके मुरडणारी मंडळी मला मुळीच पटत नाहीत.

मात्र परतीच्या गाडीत नातीने वहीत काय काढले, ते आपण लक्षात घ्यावे. तिने नर्तिका काढली, आणि त्यासाठी माझ्याकडून पट्टी मागून घेऊन आधी १०.५ सेंटीमीटरची उभी रेघ मारली. माप हीच गोष्ट तिच्याबरोबर घरी आली होती आणि पडदा नेमके हेच देऊ शकत नाही. पडद्यावर नर्तिका दहा फुटांची होते आणि हत्ती हातभर होतो. आमच्या तालुक्यातल्या कशेळीच्या सड्यावर कोरलेला हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे. आमच्या हिशेबात त्याला दोन गुंठ्यांहून अधिक जागा लागते. त्याच्या एका टोकाशी उभे राहिले तर दुसरे टोक नीट दिसत नाही. ज्यांनी तो कोरला त्यांनाही तो वरून कधी पाहता आला नसणार, आणि तरीही रेषा चुकलेली नाही, हा विचार त्या दगडावर चालताना येतो. ड्रोनच्या चित्रात तो येत नाही, कारण तेथे आपण सुरुवातीपासूनच आकाशात असतो. देवाचे गोठणे येथे कोरलेल्या मनुष्याकृतीजवळ होकायंत्राची सुई भलतीच दिशा दाखवते, तीही पडद्यावर कोठून दाखवणार?

पुढच्याच वर्षी एका मोठ्या शहरात मी नातीला असेच एक प्रदर्शन दाखवले. अंधाऱ्या खोलीत जमिनीवर प्रकाशाने कोकणातली कातळशिल्पे उमटत होती, समुद्राचा आवाज होता, आणि पाकट चक्क पंख हलवत पोहत होती. मुले तिच्यावरून धावत होती. देखणे काम होते. मी सवयीने पावले टाकली आणि हत्ती पाच पावलांत संपला. मूळ आकार किती, हे कोठेही लिहिलेले नव्हते. बाहेर आल्यावर नात म्हणाली, “आजोबा, हत्ती झाला ना आता बघून? मग उन्हात कशेळीला कशाला जायचे?” दादांचेच वाक्य मला तिच्या तोंडून ऐकावे लागले. म्हणून मी क्रमाबद्दल इतका आग्रही आहे. वस्तू आधी पाहिली असेल तर पडदा तिच्यात भर घालतो; पडदा आधी पाहिला तर वस्तू पाहण्याची गरजच उरली नाही असे मुलाला वाटते, आणि मोठ्यांना तसे वाटले की चिरेखाणीच्या कागदावर सही होते. दिल्लीत नॉर्थ ब्लॉक आणि साउथ ब्लॉकमध्ये ‘युगे युगीन भारत’ हे नवे राष्ट्रीय संग्रहालय उभे करायचे ठरले आहे. तेथे पडदे भरपूर असावेत, परंतु प्रत्येक पडद्याच्या शेजारी मूळ वस्तूचे माप मोठ्या अक्षरांत लिहावे, एवढी माझी मागणी आहे.

दोन गोष्टी मात्र मला मान्य केल्या पाहिजेत. माझ्या पत्नीचे गुडघे गेली काही वर्षे साथ देत नाहीत आणि सड्यावरची चढण तिला जमत नाही. आमच्याच जमिनीतली पाकट तिने पूर्ण अशी पहिल्यांदा पाहिली ती अभ्यासकांनी संगणकावर दाखवली तेव्हा, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आले. त्या पाण्याला मी खोटे म्हणणार नाही. दुसरी गोष्ट दादांच्या बाजूची आहे: ज्या आकृत्या खाणीत किंवा रस्त्याखाली आधीच गेल्या, त्यांच्यापैकी जिचा फोटो होता तेवढीच उरली. फोटो काढावेत, भरपूर काढावेत. पण ज्याची नोंद झाली ते मोडायला आता मोकळीक मिळाली, असा अर्थ त्यातून काढणे मला मान्य नाही, आणि हे मी दादांना गेल्या गणपतीत सगळ्यांसमोर सांगितले. ते काही बोलले नाहीत. आमचा सातबारा अजून सामाईकच आहे.

आपल्या प्रवासासंबंधी एवढेच सांगतो. दिल्लीत मे महिन्याचे ऊन सोसत नाही, म्हणून संग्रहालयात सकाळी शिरावे आणि हडप्पा दालनापासून सुरुवात करावी. सगळी दालने एका दिवसात करण्याचा हट्ट धरू नये. मुलांना पाच वस्तू नीट पाहू द्याव्यात. त्याआधी, गाडी रत्नागिरीहून धरणार असाल तर एक दिवस लवकर निघून वाटेत उक्षीला उतरावे. तेथल्या हत्तीभोवती ग्रामस्थांनी चिऱ्यांचा गडगा, म्हणजे बुटकी भिंत, घातला आहे आणि पाहण्यासाठी उंच जागाही केली आहे. सूर्य डोक्यावर आला की कोरलेल्या रेषांत सावली पडत नाही आणि काहीच दिसत नाही, म्हणून सकाळी नवाच्या आत किंवा चारनंतर जावे. सवड काढून कशेळीलाही गेलात तर उत्तम. मुलांच्या हातात टेप द्यावी, आणि ती ३० मीटरची घ्यावी. दुकानात सहज मिळणारी १५ मीटरची कशेळीच्या हत्तीला पुरत नाही.