मेसचे पैसे आगाऊ भरावेत का?

प्रश्न : माझी मुलगी पणजीच्या महाविद्यालयात शिकते. वसतिगृहाच्या मेसचे सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरावेत, की तिने कँटीनमध्येच जेवावे?
– एक पालक, वाळपई

उत्तर : आधी एकाच महिन्याचे भरावेत, असे मला मनापासून वाटते, कारण शनिवार-रविवारी ती घरी येणार असेल, तर चुकलेल्या जेवणांची वजावट मिळते का, हे त्या महिन्यात कळेल. सकाळी कँटीनची पातळ भाजी आणि पाव चालेल, दुपारी मात्र शीत-कडीचे, म्हणजे भात आणि कालवणाचे, पूर्ण ताट हवेच. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात मासळीऐवजी काय वाढतात, हेही विचारावे. अन्नसुरक्षा परवान्याचा १४ अंकी क्रमांक दर्शनी भागात लावला आहे का, हे तिने स्वतः पाहावे.