थर्माकोलचा आवाज आणि इंजेक्शनची सुई

इतरांना क्षुल्लक वाटणाऱ्या कोणत्या गोष्टी तुम्हाला सहन होत नाहीत आणि त्यांच्यासह तुम्ही रोज कसे जगता, असे आपण विचारले आहे. माझ्या बाबतीत अशा दोन गोष्टी आहेत: थर्माकोल घासल्याचा आवाज आणि इंजेक्शनची सुई. दोन्हींना मी बरीच वर्षे ‘भीती’ हा एकच शब्द वापरत असे आणि तिथेच माझी गफलत होत होती.

थर्माकोलपासून मला काही अपाय होईल, असे कधीच वाटत नाही. केवळ दात शिवशिवतात, अंगावर काटा येतो आणि खोलीतून निघून जावेसे वाटते. न्यूकॅसल विद्यापीठातील संशोधकांच्या २०१२ मधील अभ्यासात साधारण २००० ते ५००० हर्ट्झच्या पट्ट्यातील आवाज ऐकणाऱ्यांना विशेष नकोसे वाटले, आणि बाटलीवर सुरी घासल्याचा आवाज सर्वांत असह्य ठरला. (हे वाचून मला उगीचच बरे वाटले.) सवय व्हावी म्हणून मी तो आवाज मुद्दाम ऐकून पाहिला, पण चीड तेवढी वाढली. आता नव्या वस्तूचे खोके दुसऱ्या कोणाला तरी उघडायला सांगते आणि तोवर बाहेर थांबते. लोक हसतात, हसू देत.

सुईचे मात्र टाळून भागत नाही. बहुतेक भीतींमध्ये छाती धडधडते आणि रक्तदाब वाढतो. रक्त किंवा सुई पाहून घाबरणाऱ्या अनेकांचा रक्तदाब मात्र आधी चढून मग एकदम उतरतो आणि घेरी येते. त्यामुळे ‘अंग सैल सोड’ हा सगळ्यांकडून मिळणारा सल्ला मला उलटाच पडत होता. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट यांच्या पद्धतीत नेमके याच्या उलट करायचे असते: हात, पाय आणि पोट यांचे स्नायू १० ते १५ सेकंद, चेहऱ्यावर ऊब जाणवेपर्यंत, आवळून धरायचे, मग २० ते ३० सेकंद पूर्ववत होऊ द्यायचे आणि असे पाच वेळा करायचे. ज्या दंडात सुई टोचायची, तो मात्र सैलच ठेवावा लागतो. याच्या जोडीला मी आधी सुईची चित्रे, मग टोपण लावलेली सिरिंज आणि शेवटी दुसऱ्याला दिले जाणारे इंजेक्शन, अशा पायऱ्यांनी डोळ्यांना सराव दिला. त्याला काही महिने लागले.

गेल्या वेळी रक्त तपासायला देताना, मला घेरी येते हे नर्सना आधीच सांगून मी आडवी झाले. नजर भिंतीवरच होती, पण शुद्ध हरपली नाही.