सहा टक्के म्हणजे शंभरपैकी सहा गुण नव्हेत

फोनमधल्या इमोजींची गोष्ट सांगणाऱ्या ‘द इमोजी मूव्ही’ या ॲनिमेशनपटाला समीक्षकांनी कसे स्वीकारले, यावर आपल्याला प्रबंधात एक प्रकरण लिहायचे आहे आणि ‘समीक्षकांनी चित्रपटाला सहा टक्के गुण दिले, एवढे वाक्य पुरेसे आहे’ असे मार्गदर्शकांचे मत आहे, हे वाचून उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही. कारण नेमक्या याच वाक्याने माझा एक लेख बुडवला आहे. चित्रपटाची कथा, निर्मितीसंस्था वगैरे आपल्याला ठाऊक असणारच, म्हणून ते सोडून देतो. मी समीक्षक नाही, अधूनमधून लिहिणारा अभ्यासक आहे. आपल्या विद्यापीठाचे नियम वेगळे असतील तर ते प्रमाण मानावेत.

हा सहाचा आकडा रॉटन टोमॅटोज या चित्रपट-परीक्षणे एकत्र करणाऱ्या संकेतस्थळावरचा. तेथील आकडा हा अनुकूल परीक्षणांचे प्रमाण दाखवतो, सरासरी गुण नव्हे. सर्व समीक्षकांनी दहापैकी पाच गुण देऊन ‘ठीक आहे, पण पाहाच असे म्हणणार नाही’ असा अभिप्राय दिला, तर तेथे शून्य टक्के दिसतील. त्याच मंडळींनी सहा गुण देऊन ‘एकदा पाहायला हरकत नाही’ असे म्हटले, तर शंभर. मेटाक्रिटिक या तशाच दुसऱ्या संकेतस्थळावर मात्र गुणांची भारित सरासरी (काही समीक्षकांच्या गुणांना अधिक वजन देऊन) काढली जाते आणि तेथे या चित्रपटाला शंभरपैकी १२ गुण आहेत.

माझा लेख ज्या नियतकालिकाकडे गेला (नाव घेत नाही), त्याच्या संपादकीय कचेरीने ‘केवळ सहा टक्के परीक्षणे अनुकूल होती’ हे माझे वाक्य मला न विचारता ‘समीक्षकांनी केवळ सहा टक्के गुण दिले’ असे केले, आणि पुढच्याच परिच्छेदातील बाराची सरासरी मात्र जशीच्या तशी ठेवली. परिणामी एकाच पानावर एकाच चित्रपटाला दोन निरनिराळे गुण छापले गेले, आणि खुलासा मागणारी वाचकांची पत्रे आली ती माझ्या नावाने. दुरुस्ती छापावी अशी विनंती केली, तर प्रथम ‘अर्थ तोच आहे’ असे उत्तर मिळाले. नंतर हा विषय आमच्या विभागाचा नाही असे कळवण्यात आले. आणि अखेरीस, अंक जुना झाल्यावर दुरुस्ती छापण्याची प्रथा नाही, असे. तो लेख मी आजही संदर्भ म्हणून कोणापुढे ठेवू शकत नाही. चित्रपट दोन्ही मोजमापांनी वाईटच ठरतो, मग एवढा काथ्याकूट कशासाठी, असे त्या कचेरीतील एकाने मला ऐकवलेही होते. त्यांनी २०२३ चा ‘द सुपर मारिओ ब्रदर्स मूव्ही’ पाहावा: अनुकूल परीक्षणे साठ टक्क्यांच्या जरा खाली, मेटाक्रिटिकची सरासरी पन्नासच्याही आत, सिनेमास्कोर या प्रेक्षकांचे मत विचारणाऱ्या पाहणीत ‘ए’ श्रेणी आणि जगभरातील उत्पन्न १३० कोटी डॉलरहून अधिक. येथे टक्केवारीला गुण म्हटले की सगळे चित्रच फिरते.

माझ्या मते आपल्या प्रकरणाचा गाभा समीक्षकांच्या आक्षेपांत आहे, आकड्यांत नाही. ‘इमोजी’वरील रोष केवळ विनोद फसल्याचा नव्हता, कँडी क्रश, स्पॉटिफाय, ड्रॉपबॉक्स अशी प्रत्यक्षातील ॲप कथेतील मुक्कामांची ठिकाणे झाल्यामुळे, मुलांसमोर गोष्टीच्या नावाखाली जाहिरात मांडली आहे, असा तो आक्षेप होता. शिवाय ‘इनसाइड आउट’ आणि ‘द लेगो मूव्ही’ या आधीच्या ॲनिमेशनपटांशी सतत तुलना झाली, ती नावीन्याच्या अभावावर बोट ठेवण्यासाठी. हे दोन आक्षेप वेगवेगळे मांडावेत. पहिला नैतिक आहे, दुसरा कलात्मक.

काळाचा उल्लेखही टाळू नये. चित्रपट अमेरिकेत २८ जुलै २०१७ रोजी प्रदर्शित झाला आणि परीक्षणे प्रसिद्ध करण्यावरील निर्बंध उठला तो आदल्या दिवशी दुपारी. सुरुवातीची परीक्षणे आली तेव्हा आकडा शून्य होता, आणि तो शून्य आजही अनेक लेखांत अंतिम निकाल म्हणून फिरतो. म्हणून टक्केवारीसोबत ती पाहिल्याची तारीख आणि परीक्षणांची संख्या द्यावी. तारखेवाचून दिलेला असा आकडा मी तरी ग्राह्य धरणार नाही.

‘मुलांना आवडला, म्हणजे समीक्षक चुकले’ हा मोह आवरावा, कारण सिनेमास्कोर पहिल्या दिवशी तिकीट काढून आलेल्यांना विचारते, आणि ती माणसे आवडण्याच्या अपेक्षेनेच आलेली असतात. या चित्रपटाला तेथे ‘बी’ मिळाला. कौटुंबिक ॲनिमेशनपटांना बहुधा ‘ए’च्या पट्ट्यातील श्रेणी मिळते हे लक्षात घेता ती प्रशंसा ठरत नाही. सुमारे पाच कोटी डॉलर खर्चून केलेल्या चित्रपटाने एकवीस कोटींहून अधिक मिळवले, हे सांगावे. पण ते समीक्षेच्या नव्हे, उत्पन्नाच्या परिच्छेदात.

जाता जाता एक गोष्ट: २०१८ मध्ये सर्वांत वाईट चित्रपटाचा रॅझी पुरस्कार याला मिळाला आणि तो मिळवणारा हा पहिला ॲनिमेशनपट, हा तपशील रंजक आहे. परंतु रॅझीचे मतदार शुल्क भरून झालेले सभासद असतात, समीक्षकच असतात असे नाही, त्यामुळे त्याची नोंद स्वतंत्र वाक्यात करावी. मार्गदर्शकांनी तरीही तेच एक वाक्य ठेवायला सांगितले, तर निदान ‘गुण’ काढून ‘अनुकूल परीक्षणे’ एवढे घालून घ्यावे आणि अंतिम मसुदा छपाईला जाण्यापूर्वी स्वतःच्या डोळ्यांखालून घालावा.